घाटंजीकडे काळ्या मातीवर १२०० चौरस फुटांचं कार्यालय: एसीवर न विसंबता कसं बांधावं?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीचं कार्यालय बांधायचं आहे. जागा घाटंजी तालुक्यात, प्लॉट ६० बाय ८० फूट, रस्ता पश्चिमेला. वरची साधारण ६ फूट काळी माती, खाली पिवळा मुरूम. रोज १०-१२ जण बसतील, सभेला ४०-५० शेतकरी येतील. बियाण्यांचे नमुने आणि कागदपत्रं ठेवायला एक कोरडी खोली हवी.

ठेकेदाराचा आराखडा असा: आरसीसी फ्रेम, लाल विटांच्या ९ इंची भिंती, सपाट स्लॅब, रस्त्याच्या बाजूने ३० फूट लांब आणि ९ फूट उंच काच, दीड टनाचे ४ एसी. आणि इमारत पर्यावरणपूरक म्हणता यावी म्हणून वर ५ किलोवॅटचं सोलर. पैसा सभासदांचा आहे. महिन्याचं वीजबिल कमी यावं, मे महिन्यात लाइन गेली तरी माणसं आत बसू शकावीत, आणि चार वर्षांत भिंतींना तडे जाऊ नयेत, एवढंच मागणं आहे. काय ठेवावं, काय काढावं?

सपरी
भाऊ, आधी काच काढा. एप्रिल-मेमध्ये दुपारी ४ वाजता पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर चौरस मीटरला ५००-६०० वॅट ऊन पडतं. तुमची काच २५ चौरस मीटर. साध्या काचेतून त्यातला बहुतेक भाग आत येतो, म्हणजे १० किलोवॅटच्या वर उष्णता. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, तेव्हा चारपैकी दोन एसी निव्वळ त्या काचेसाठी चालतील. पडदे लावून फार फरक पडत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं.

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे रस्त्याकडे अरुंद बाजू येईल. त्या बाजूला ८ फूट खोल सपरी (पुढची उघडी पडवी) घ्या. शेतकरी तिथेच बसतील, चपला तिथेच काढतील. सपरीमागे संडास-बाथरूम आणि स्टोअर, आणि काम करायच्या खोल्या त्यांच्या पूर्वेला. पश्चिमेचा मार मग अशा खोल्यांवर पडतो जिथे कुणी तासन् तास बसत नाही. बियाण्यांची खोली मात्र तिथे नको, ती उत्तर-पूर्व कोपऱ्यात घ्या.

खिडक्या दक्षिण आणि उत्तरेला. आपल्या अक्षांशावर (साधारण २० अंश) दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरतो. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात त्या खिडकीत थेट ऊन येत नाही, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे हवं तेवढं येतं. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त काढा. उत्तरेकडे जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं, तिथे ९ इंचांच्या उभ्या पट्ट्या पुरेत. खिडकीचा माथा ७ फुटांवर असेल तर कामापुरता उजेड १५ फुटांपर्यंत आत जातो. म्हणून खोलीची रुंदी १६-१८ फूट ठेवून दोन्ही अंगांनी खिडक्या दिल्या की दिवसा ट्यूब लावावी लागत नाही. टेबलं खिडकीला काटकोनात लावा, संगणकाच्या पडद्यावर चकाकी येत नाही.

सेवाग्रामची बापू कुटी १९३६ मधली. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर आणि खोल ओसरी. तशीच नक्कल करायची गरज नाही, पण ऊन भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही हा तिथला विचार विदर्भात आजही तितकाच लागू आहे.

मुरूम_गिट्टी
वरचं सगळं बरोबर आहे, पण पैसा आधी जमिनीत घाला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया त्या थरात ठेवला तर इमारत दरवर्षी वर-खाली होते. आधी दारं अडकायला लागतात, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे निघतात.

तुमच्याकडे मुरूम ६ फुटांवर आहे हे चांगलं. कॉलमच्या फुटिंग (पायाचे रुंद तळ) काळी माती पूर्ण ओलांडून मुरुमात किमान फूटभर उतरवा, म्हणजे सात-साडेसात फूट. पण एकाच खड्ड्यावर विसंबू नका, प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये खणून बघा. मुरूम कुठे १० फुटांच्या खाली गेला असेल तर उघड्या खड्ड्यापेक्षा अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेला, तळाशी फुगीर काँक्रीटचा खांब) बरी पडते: ३०० मिमी व्यासाची, खाली साडेसातशेचा फुगा, किमान साडेतीन मीटर खोल. सळईचा हिशोब इंजिनिअरकडूनच घ्या.

पुष्कळ ठिकाणी चूक होते ती प्लिंथ बीममध्ये (जोत्याजवळ कॉलम जोडणारा, भिंत पेलणारा आडवा बीम). बीम थेट काळ्या मातीवर ओततात. माती फुगली की ती खालून बीम उचलते, आणि फुटिंग कितीही खोल असली तरी भिंत फाटते. बीमच्या तळाखाली ८० मिमी मोकळी जागा सोडा. मोकळ्या जागेत माती ढासळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटेची किंवा फरशीची आड द्या.

फरशीखाली दोन-अडीच फूट काळी माती काढून टाका आणि मुरूम भरा. ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि दुरमुस. कॉलमभोवतीचे खड्डेसुद्धा मुरुमानेच बुजवा. खोदलेली काळी माती परत खड्ड्यात ढकलणं ठेकेदाराला स्वस्त पडतं, म्हणून तिथे स्वतः उभं राहून बघा. ती माती शेतात पसरा, तिथे ती सोनं आहे.

इमारतीभोवती ५ फूट रुंद पक्का ओटा, भिंतीपासून बाहेर दोन इंच उतार, आणि कडेला नाली. पायाखालची ओल वर्षभर सारखी राहावी हा त्याचा उद्देश. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कूलरचं सांडपाणी, काहीही भिंतीपासून १५ फुटांच्या आत नको. एकाच कोपऱ्यात झिरपणारं पाणी सगळ्यात घातक, कारण तेवढाच कोपरा उचलला जातो.

झाडाचंही तेच. कडुनिंब भिंतीला खेटून लावला तर तो उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतो. पश्चिमेला २५ फूट अंतरावर लावा. सूर्य ३० अंशांवर असताना २५ फूट उंच झाडाची सावली ४० फुटांच्या वर जाते, त्यामुळे लांबूनही भिंत झाकली जाते.

वर्धेकर_स्थापत्य
छताबद्दल कुणी बोललं नाही. एकमजली इमारतीत उष्णता सर्वात जास्त स्लॅबमधूनच येते. मेच्या २१ तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैमध्ये सूर्य दुपारी नेमका डोक्यावर असतो. साधा ५ इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली उष्णता सोडतो, म्हणून सकाळी ९ वाजता कार्यालय उघडतानाच आत भट्टी असते.

त्यासाठी थर स्लॅबच्या वर घालायचा. खाली फॉल्स सीलिंग लावल्याने स्लॅब तापायचा थांबत नाही. आपल्याकडे जमणारी पद्धत म्हणजे स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर उपडी मातीची मडकी शेजारी-शेजारी, मधल्या फटीत चुन्याचं काँक्रीट, वर उतार काढून पांढऱ्या चिनी तुकड्यांचा मोजॅक. मडक्यांतली बंद हवा उष्णता अडवते आणि पांढरा रंग ऊन परत फेकतो. हे वजन इंजिनिअरला स्लॅबच्या डिझाइनआधी सांगा, नंतर नाही. पैसे कमी असतील तर निदान दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या: चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, त्यात थोडं फेव्हिकॉल. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावाच लागतो. टिनावर चुना टिकत नाही, तिथे पांढरा ॲक्रिलिक रंग लागतो.

स्लॅब फिलर पद्धतीने केला तर काँक्रीट साधारण पाचव्या हिश्श्याने वाचतं. खालच्या ताणाच्या भागात काँक्रीट फक्त सळईला धरून ठेवतं, तिथे इंग्रजी कवेलूची जोडी बसवायची. दोन जोड्यांमध्ये किमान ४ इंचांची बरगडी, कवेलूवर किमान २ इंच काँक्रीट, आणि भिंती-बीमलगतचा फूट-दीड फुटाचा पट्टा भरीव. कवेलू आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ते काँक्रीटचं पाणी पितात आणि बरगड्यांत जाळी पडते (पोकळ्या राहतात). पंख्यांचे हुक आणि वायरिंगचे पाइप बरगडीतच बसवून घ्या. कवेलूत मागाहून ड्रिल मारलं की फुटतो.

भिंतींसाठी फ्लाय ॲशच्या विटा घ्या. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख आपल्याच भागात पडून आहे आणि लाल विटेला भट्टी लागते. रॅट-ट्रॅप पद्धतीने, म्हणजे वीट कडेवर उभी करून रचली तर ९ इंची भिंतीत मध्ये ३ इंचांची पोकळी राहते आणि विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात. खिडक्यांच्या बाजू, सिल आणि बीमखालचा थर भरीव ठेवा. मिस्त्री नवखा असेल तर मसाला पोकळीत पडतो आणि उष्णता त्यातूनच पलीकडे जाते. दोन विटांच्या मध्ये लाकडी पट्टी धरून मसाला टाकायला लावा.

पऱ्हाटी
मनापासून आभार. फ्लाय ॲशच्या भिंतींना बारीक तडे जातात असं गावोगाव ऐकू येतं, म्हणून सभासद लाल विटेवर अडून आहेत. त्याचं काय? आणि एसी काढला तर दुसरं काय?

वर्धेकर_स्थापत्य
तडे जातात हे खरं. कारण बहुतेक वेळा ताजी वीट. कारखान्यातून आठवड्याभरातच उचललेली वीट भिंतीत गेल्यावर आकसते. २८ दिवस झालेली वीटच घ्या. पारखायला दोन सोप्या गोष्टी: ४ फुटांवरून पाडली तर तुटू नये, आणि कोरडी वजन करून २४ तास पाण्यात ठेवली तर वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. रचताना वीट फक्त ओलसर करा, लाल विटेसारखी हौदात बुडवू नका. मसाला कडक नको: सिमेंट १, चुना १, रेती ६. चुन्यामुळे भिंतीला थोडं लवचीकपण येतं. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरखाली कोंबडीजाळी लावलीच पाहिजे. तरीही सभासद ऐकत नसतील तर लाल वीट वापरा, पण रॅट-ट्रॅप सोडू नका.

सपरी
एसीऐवजी कूलर आणि पंखे. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर इथे खरंच काम करतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगल्या जाळीचा कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. २० बाय १५ फुटांच्या, ११ फूट उंच खोलीला ताशी ३००० घनमीटरचा एक कूलर पुरतो. त्याला तासाला २०-२५ लिटर पाणी लागतं, हे धरून टाकी बसवा. समोरच्या बाजूला ९ चौरस फुटांची खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात चिपचिप होते आणि दोष कूलरला दिला जातो. बोअरच्या जड पाण्याने जाळीवर क्षार बसतात, म्हणून टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडा.

पाऊस लागला की कूलर बंद आणि २८-३५ वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे. बियाण्यांच्या खोलीत कूलरची हवा कधीच सोडू नका. त्या एका खोलीला लहान एसी लावलात तर त्यात काही वावगं नाही.

आणखी एक. रात्री हवा दुपारपेक्षा १४-१५ अंशांनी उतरते, पण कार्यालयाला कुलूप असतं. छताजवळ जाळीचे झरोके ठेवा आणि एका झरोक्यात १२ इंची एक्झॉस्ट, टायमरवर रात्री १० ते सकाळी ६. भिंती निवलेल्या असल्या तर कूलर दुपारी ११ नंतर सुरू केला तरी चालतो.

वीजमीटर
सोलरचा हिशोब. ५ किलोवॅट म्हणजे दिवसाला सुमारे २० युनिट. दीड टनाचे ४ एसी ८ तासांत ४० युनिटच्या आसपास खातात. एसी गेले की कूलर, पंखे, संगणक, दिवे मिळून ३ किलोवॅटमध्ये भागतं. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो, छतावर ऊन असलं तरी. तुम्हाला हायब्रिड (लाइन गेल्यावरही बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि ४८ व्होल्ट १०० एएचची लिथियम बॅटरी लागेल. त्यावर संगणक आणि पंखे दोन-तीन तास सहज चालतात. कूलर त्या सर्किटवर घेणार असाल तर त्याचा भार आधीच धरा.

पॅनल स्लॅबला चिकटवू नका, फूटभर वर उचला. तापलेलं पॅनल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५-०.४ टक्के वीज कमी देतं, खालून वारा हवा. खाली सावली पडते तो फायदा वेगळाच. जवळ जिनिंग असेल तर कापसाची धूळ पॅनलवर चिकटते, हंगामात आठवड्याला धुवा.

खारपाण_दर्यापूर
हाच आराखडा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वापरता येईल का? इथे बोअरचं पाणी खारं आहे.

मुरूम_गिट्टी
येईल, फक्त त्या पाण्याने काँक्रीट कालवू नका आणि क्युरिंगही करू नका. सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. जास्त असलं की सळई आतून गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. शेततळ्याचं पावसाचं पाणी वापरा, तेही आधी तपासून. आणि तुमच्याकडे काळी माती फार खोल आहे, तेव्हा पाइलच.

पऱ्हाटी ताई/भाऊ, तुमच्याकडचं पाणी वेगळ्या कारणासाठी तपासा. यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बोअरमध्ये फ्लोराइड आहे, पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं. १२०० चौरस फूट छतावर ९०० मिमी पाऊस धरला तरी, वाया जाणारं वजा जाता, ८५ हजार लिटर मिळतं. १२ माणसं, रोज ३ लिटर, वर्षाचे २५० दिवस: ९ हजार लिटर. म्हणजे १० हजार लिटरची बंद, अंधारी टाकी पिण्यापुरती होते. पहिल्या पावसाचे २०० लिटर बाहेर सोडायला वेगळा पाइप द्या, आणि छतावर चुना मारलात तर पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण सोडून द्या. उरलेलं पाणी जिरवायचं तर काळ्या मातीतला खड्डा नुसता भरून राहतो, तो मुरुमापर्यंत न्या आणि इमारतीपासून लांब.

पऱ्हाटी
समजलं, ताई म्हणा. सपरीच्या छताला बांबू चालेल का? आणि काम कधी सुरू करावं?

वर्धेकर_स्थापत्य
ताई, चालेल. बांबू तीन वर्षांच्या वरचा, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या, कोवळ्या बांबूत साखर जास्त म्हणून भुंगा लवकर लागतो. आतल्या गाठी सळईने भोसकून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या ५-६ टक्के द्रावणात आठवडा-दहा दिवस बुडवायचा आणि सावलीत वाळवायचा. हे औषध पावसात धुऊन जातं, म्हणून बांबू कवेलूच्या खालीच ठेवा आणि खांबाचा पाय जमिनीपासून फूटभर वर, दगडावर. चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, कारागीर तिकडून विचारा.

खोदाई दिवाळीनंतर. फुटिंग, प्लिंथ बीम आणि मुरुमाची भरणी जानेवारीअखेर संपवा. उघडे खड्डे पावसात सापडले तर तळाचा मुरूम मऊ पडतो. स्लॅब मार्चच्या आत ओतला तर बरं. त्यापुढे लांबलाच तर संध्याकाळी ओता, ओल्या बारदानाने लगेच झाका आणि सकाळी आळी करून पाणी भरा. राखमिश्रित सिमेंटला १० दिवस पाणी लागतं, ७ नाही.

पऱ्हाटी
बरं. पाच खड्डे याच आठवड्यात खणून घेते, प्रत्येकाची खोली इथेच टाकते.