डाळ मिलसाठी स्टॅटिक संकेतस्थळ घ्यावे की हेडलेस? (मदत हवी आहे)

डाळवाला_लातूर:
नमस्कार. लातूरला आमची तुरीची डाळ मिल आहे. तिच्या संकेतस्थळासाठी दोन कोटेशने आली असून एक जण स्टॅटिक घ्या म्हणतो, तर दुसरा हेडलेसशिवाय भागणार नाही असे सांगून जवळजवळ तिप्पट पैसे मागतो. वडिलांना परवा उत्तर द्यायचे आहे, तेव्हा व्याख्या न देता कोणते घ्यावे एवढेच सांगावे.

निळा_टर्मिनल:
एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार? संकेतस्थळावर रोज काय बदलेल, ते कोण बदलेल आणि ऑनलाइन विक्री करणार आहात का, हे आधी लिहावे.

परभणीकर:
सरळ वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची तयार प्रणाली घ्या. माझ्या बियाण्यांच्या दुकानाचे त्यावरच आहे आणि गावातला कोणताही मुलगा ते सांभाळू शकतो.

निळा_टर्मिनल:
प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरे, वेळच्या वेळी अद्ययावत केली नाहीत, तर तेच संकेतस्थळ हॅक होऊ शकते. शिवाय वर्डप्रेसही हेडलेस पद्धतीने वापरता येते; २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून त्यासाठी लागणारा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला मजकूर पुरवणारा दुवा, त्यात मुळातच आहे.

परभणीकर:
डाळ विकणाऱ्याने त्या एपीआयचे काय करायचे, तेही सांगून टाका.

बीडचा_वाटसरू:
संकेतस्थळ कोणतेही घ्या, डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, मात्र स्वतःच्याच नावावर नोंदवा. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्याने आपल्या नावावर घेतले आणि नंतर तो फोनच उचलेना.

डाळवाला_लातूर:
डोमेनचे मी विचारले नव्हते, तरी ध्यानात ठेवतो. दुपारी मोंढ्यात सौदा झाला की आमच्या डाळीच्या फटका आणि सवा नंबर या प्रतींचे आणि चुणीचे (डाळीच्या चुऱ्याचे) भाव बदलतात. ते मुनीमकाका टाकतील. मोबाइलवर एक्सेल ते सराईतपणे वापरतात, पण इंग्रजी बटणे दिसली की फोन माझ्या हातात देतात. विक्री फोनवरच होते.

निळा_टर्मिनल:
मग प्रश्न बराच सोपा झाला. पाने आधीच तयार करून ठेवणे म्हणजे स्टॅटिक, आणि मजकूर भरण्याची व्यवस्था पानांच्या मांडणीपासून वेगळी ठेवणे म्हणजे हेडलेस. त्यामुळे दोन्ही एकत्रही नांदतात. तुमच्याकडे बदलणारी गोष्ट म्हणजे चार ओळींचा भावफलक. त्यासाठी स्ट्रॅपीसारखी हेडलेस प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चोवीस तास चालती ठेवणे मला अनावश्यक वाटते. ह्यूगो या साधनावर स्टॅटिक पाने करून घ्या, भाव गूगल शीटमध्ये ठेवा आणि ती शीट सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून प्रकाशित करून पानावर वाचून घ्या. बदल दिसायला काही मिनिटे लागतात, एवढेच.

परभणीकर:
आणि मुनीमकाकांनी एक शून्य जास्त टाकले तर? वर्डप्रेसमध्ये निदान मसुदा तपासून मग प्रकाशित करता येतो.

निळा_टर्मिनल:
शंका रास्त आहे. शीटच्या त्या रकान्यांना किमान-कमाल भावाची मर्यादा घालावी, म्हणजे भलता आकडा स्वीकारलाच जाणार नाही. भावाशेजारी तारीख आणि वेळही दाखवावी, नाहीतर गिऱ्हाईक कालच्या भावावर अडून बसेल.

डाळवाला_लातूर:
तिप्पट पैसे मागणाऱ्याला आता नेमके कशाचे पैसे ते विचारतो. शीटमधले मथळे मराठीत चालतील का?

निळा_टर्मिनल:
चालतील. मात्र एकदा ठरवलेले मथळे मुनीमकाकांना बदलू देऊ नका, कारण संकेतस्थळ त्याच नावांवरून भाव शोधेल.