हात आखूड म्हणून पोराला बॉक्सिंगमधून बाद करायचं का? (बडोदा)

मांजलपूरकर बाबा:
मुलगा तेरा वर्षांचा. त्याला इथल्या एका बॉक्सिंग क्लासला नेलं. प्रशिक्षकांनी ग्लोव्हज हातात द्यायच्या आधीच त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात पसरायला लावले आणि रीच, म्हणजे एका हाताच्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर, मोजायला टेप धरली. "उंचीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरतात. रीच नाही याला. कुस्तीला घाला." झालं. पोरगं घरी येईपर्यंत एक शब्द बोललं नाही.

हाडं आई-बापाकडून येतात, मान्य. पण रॉकी मार्सियानोचा रीच जेमतेम 68 इंच होता, तोही हेवीवेटमध्ये. 1951 साली समोर जो लुई, रीच 76. आठव्या फेरीत लुई दोरांतून बाहेर पडला. मार्सियानोच्या 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट. खाली वाकून आत घुसायचं तो घाम गाळूनच शिकला ना?

रावपुरा 75 किलो:
लुई तेव्हा 37 वर्षांचा होता, उतरणीला लागलेला. हे का सांगत नाही कुणी?

मी स्वतः खेळलोय, म्हणून स्पष्ट बोलतो. वरच्या पातळीवर मेहनत सगळेच करतात. पहाटे पाचला सगळेच धावतात. तिथे फरक शरीर पाडतं. मेरी कोमपेक्षा जास्त मेहनत कोणी केली असेल? पाच वेळा जगज्जेती होऊन ती 2012 च्या लंडन ऑलिंपिकला गेली. तिथे महिलांसाठी तीनच वजनगट होते, 51, 60 आणि 75. तिचं खरं वजन 48 चं, खेळावं लागलं 51 मध्ये. उपांत्य फेरीत तिच्याहून उंच निकोला अॅडम्ससमोर हरली. जिद्द तीच, तंत्र तेच, शरीर कमी पडलं. पोराला खोटी आशा लावण्यापेक्षा टेप बरी.

मांजलपूरकर बाबा:
पण कांस्य आणलंच की तिने! आणि जुळी मुलं झाल्यावर 2008 मध्ये पुन्हा सुवर्ण जिंकलं, ते कुठल्या जनुकाने दिलं?

दांडिया बाजार, पीटी शिक्षिका:
तुम्ही दोघंही रीचलाच धरून बसलात. वजनगट असतात ते याचसाठी. एकाच वजनात उंच मुलगा सडपातळ असतो आणि बुटका भरलेला. लांब हातवाल्याला जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने) अंतर राखता येतं, आखूड हातवाल्याचा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) आतून लवकर पोचतो. शरीर कसं खेळायचं ते ठरवतं. खेळायचं की नाही, ते टेपने ठरवू नये.

जनुकांचा वाटा मोठा आहे, त्यात वाद नाही. उंचीतल्या फरकाचा साधारण 80 टक्के भाग आनुवंशिक मानतात. एसीटीएन-3 नावाच्या जनुकामुळे झपाट्याने आकसणाऱ्या स्नायूतंतूंमध्ये एक प्रथिन तयार होतं, आणि ते ज्यांच्यात बनत नाही असे लोक कमी अंतराच्या अव्वल धावपटूंत (स्प्रिंटर) फार क्वचित सापडतात. पण त्यावरून कुठल्या मुलाचा ठोसा बसेल हे कोणी सांगू शकत नाही. दिवा लागलेला पाहून बटण दाबायलासुद्धा माणसाला सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. जॅब साधारण तेवढ्यातच तोंडावर येतो. म्हणजे नुसत्या चपळाईने कोणी वाचत नाही. समोरच्याचा खांदा हलला, टाच उचलली, वजन पुढच्या पायावर आलं, हे आधी वाचावं लागतं. ते हजारो फेऱ्या खेळूनच येतं.

आणि तेराव्या वर्षी मापं घेऊन काय कळणार? माझ्याच वर्गात एकाला मिशी फुटलीय, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. दोघांची जन्मतारीख महिनाभराच्या अंतराची.

रावपुरा 75 किलो:
मग स्पिंक्स भाऊ? 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये लिऑन आणि मायकेल दोघांनाही सुवर्ण. क्लिच्को भाऊ दोघेही हेवीवेट विजेते. रक्तातच असतं, ताई.

दांडिया बाजार, पीटी शिक्षिका:
भाऊ एकाच घरात वाढतात, एकमेकांना ठोसे मारतच मोठे होतात. त्यातून रक्त वेगळं कसं काढणार? हेवीवेट जगज्जेत्या जो फ्रेझरचा मुलगा मार्विसही बॉक्सर होता, बापाच्याच हाताखाली शिकलेला. 1986 मध्ये टायसनने त्याला पहिल्याच मिनिटात झोपवलं. बापाचं सगळं त्याला का मिळालं नाही?

सयाजीबाग, रोजचा फेरी:
आपल्या संग्रहालयातला, गामा पैलवानाने उचललेला दगड पाहून या सगळे. बाप पैलवान, भाऊ इमामबक्षही पैलवान, आणि वर लहानपणापासून बैठका. दोन्ही लागतं.

रावपुरा 75 किलो:
ताई, मार्विसचा मुद्दा मान्य. पण मला एक सांगा, आखूड हातांच्या मुलाला आत घुसून खेळायचं तर वाटेत ठोसे खावे लागतात. तेराव्या वर्षी डोक्यावर ठोसे खायला लावणार का? माझा विरोध त्याला आहे.

दांडिया बाजार, पीटी शिक्षिका:
अजिबात नाही. पहिलं वर्ष दोरी, फुटवर्क, शॅडो (हवेत ठोसे) आणि पॅड (प्रशिक्षकाच्या हातातल्या गादीवर ठोसे). हेडगार्ड घालून हलकं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, तेही नंतर. बाबा, दुसऱ्या क्लासला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा. नवीन पोराला स्पारिंगला कधी उभं करता? आणि स्पर्धेच्या आधी मुलांना पाणी तोडून वजन उतरवायला लावता का? दुसऱ्याला "हो" आलं, तर पोराला घेऊन तसेच बाहेर पडा.