भीमगडात दरोजीसारखा अस्वल-मनोरा हवा का?

दुर्बीणवाला, टिळकवाडी (धागाकर्ता)

खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. अस्वल आहे, बिबट्या आहे, गवा, रानकुत्री आणि काली व्याघ्र प्रकल्पाकडून ये-जा करणारा वाघही आहे. तरी बेळगावच्या माणसाला अस्वल बघायचं असलं की तो गाडी काढतो होसपेटजवळच्या दरोजीला.

दरोजीची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 1994 साली खास अस्वलांसाठी केलेलं हे अभयारण्य, साधारण 82 चौरस किलोमीटरचं. दुपारी वनखात्याची माणसं ठरलेल्या खडकांवर गूळ-मधाचा लेप फासून निघून जातात. लोक समोरच्या करडीकल्लु गुड्ड्यावरच्या मनोऱ्यात बसतात (कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल, गुड्डा म्हणजे टेकडी). उन्हं कलली की अस्वलं गुहांतून उतरतात, पिलं पाठीवर घेतलेल्या माद्यासुद्धा, आणि दिवसाउजेडी खडक चाटत बसतात.

माझं म्हणणं असं की हेम्मडगा गावाच्या बाजूला असाच एक मनोरा व्हावा. वीस माणसं, दोन तास, आठवड्यातून तीन दिवस, आणि तिकिटाचा पैसा गावसमितीला. जीपगाड्यांची धावपळ नको, जनावराच्या मागे लागणं नको. माणूस एका जागी बांधलेला आणि अस्वल आपल्या मर्जीनं आलेलं. याहून सौम्य पर्यटन कुठलं?

जांबोटीकर

मनोऱ्याला ना नाही, गुळाला आहे. आणि दरोजी नि भीमगड यांची तुलना जमिनीवरच फसते.

दरोजी म्हणजे उघडे खडक, काटेरी झुडपं, कमी पाऊस. तिथं दोनशे मीटरवरचं काळं ठिपकंसुद्धा दिसतं. भीमगडात आमगावसारखी राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी एक जागा आहे. सदाहरित, निमसदाहरित रान, खाली कारवी नि वेत. नजर पंधरा-वीस मीटरवर थांबते. तिथं अस्वल दाखवायचं तर आधी झाडी तोडून पट्टा मोकळा करावा लागणार, मग खडक आणून टाकावे लागणार, मग गूळ. म्हणजे जंगल बघायला जंगल साफ करायचं.

दुसरी गोष्ट गुळाच्या वासाची. अस्वलाचे डोळे-कान बेताचे, पण नाक असं की जमिनीखालची वाळवी त्याला वरून कळते. वारूळ उकरतं, तोंड भोकाला लावतं, आधी फुंकून माती उडवतं आणि मग वाळवी ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतात ते याच कामासाठी. तो सुऽऽ फुर्र आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो. अशा नाकाला तुम्ही आठवड्यातून तीनदा शिकवणार की गुळाचा वास म्हणजे फुकटचं जेवण. आपल्या जिल्ह्यात गुळाचा वास कुठं येतो? गुऱ्हाळावर. चिमणीच्या कडेला रात्री झोपलेल्या गड्याजवळ. दरोजीला जे खपतं ते उसाच्या मुलखात खपेलच असं नाही.

दुर्बीणवाला

गुऱ्हाळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मान्य. पण दरोजीच्या भोवतीही गावं नि शेती आहे आणि तिथली व्यवस्था आजही चालू आहे. उलट विचारतो: गूळ नको, झाडी तोडायला नको, जीप नको, तर लोकांनी बघायचं काय? आणि जे कधी दिसलंच नाही त्याच्यासाठी उद्या रस्ता रुंदीकरणाविरुद्ध कोण बोलणार? म्हादईचा उगम वाचवायला माणसं उभी राहिली, कारण नदी दिसते. अस्वल दिसत नाही.

लामारचा वाचक

खाऊ घालून अस्वल दाखवण्याचा प्रयोग जगात एका ठिकाणी पूर्ण होऊन, फसून, बंदही झालेला आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हॉटेलांचं खरकटं एका ठिकाणी ओतत आणि लोक बाकांवर बसून ग्रिझली अस्वलांची पंगत बघत. अशी शेवटची जागा 1941 च्या सुमारास बंद झाली. पण उकिरडे चालूच राहिले आणि रस्त्याकडेला गाड्यांतून खाऊ देणंही. उकिरडे पूर्ण बंद झाले 1970 च्या सुमारास. खरकट्याला सोकावलेली अस्वलं मग तंबूंच्या तळांवर आणि वस्त्यांत शिरली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातली पुष्कळ मारली गेली. 1975 साली ग्रिझलीला संरक्षित यादीत घालावं लागलं. खाऊ सुरू करणं सोपं, बंद करताना किंमत अस्वल मोजतं. मनोऱ्याचा ठेका संपला, निधी थांबला, तर भीमगडातल्या गुळाचं काय, हे आधी लिहून ठेवावं लागेल.

आज तिथं लोक बघतात ते असं. लामार नावाची रुंद, गवताळ दरी आहे. 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, त्यांचे वंशज तिथं फिरतात. माणसं पहाटे रस्त्याकडेच्या थांब्यावर तिकाटणं लावून उभी राहतात आणि एक-दोन किलोमीटरवरचा कळप दुर्बिणीतून बघतात. अस्वल नि लांडग्यापासून किमान 91 मीटर, बाकी बहुतेक जनावरांपासून 23 मीटर, हा नियम. पिलांच्या काळात बिळांभोवतीचा भाग सरळ बंद. कोणी काही फासत नाही, कारण दरी उघडी आहे. म्हणजे बघण्याची पद्धत जमीन ठरवते. भीमगडची जमीन तसं बघू देत नाही, हे स्वीकारायला हवं.

गवाळीकडचा

सगळे अस्वलाचं बोलायलेत, आत राहणाऱ्यांचं बोला की जरा. गवाळी, पास्टोली, कोंगळा, मेंडील, देगाव, आमगाव ही गावं अभयारण्याच्या आत आहेत. पावसाळ्यात ओढे चढले की आजाऱ्याला खांद्यावरून न्यावं लागतंय. पूल मागितला की जंगलाचा कायदा सांगतात, गाव सोडा म्हणतात. आणि पर्यटकांना मनोरा? ज्या रानातनं आम्हाला उठवायचं त्याच रानात तिकीट लावून बेळगावची माणसं बसवायची, हे पटत नाही.

आणि अस्वल लांबून धोक्याचं नसतंय, जवळून असतंय, हे शहरात कळत नाही. मार्च-एप्रिलात काजूची बोंडं पडायला लागली, पुढं करवंदं, जांभळं पिकली की ते पहाटे तिथंच असतंय, आणि बायकाबी पहाटे तिथंच जातात. ते मुंडी खाली घालून खातंय, स्वतःच्याच आवाजात त्याला पाऊल ऐकू येत नाही. दहा पावलांवर गेल्यावर दचकतंय, आणि दचकलेलं अस्वल पळायच्या आधी मारतंय. तोंड नि डोकंच धरतंय. म्हणून रानात जाताना बोलत जायचं, काठी आपटत जायचं, एकटं जायचं नाही. समोर आलंच तर पळू नये, ते माणसापेक्षा जोरात पळतंय, झाडावरबी चढतंय. तोंड त्याच्याकडं ठेवून हळू मागं सरायचं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागं गुंफायचे. आता या अस्वलाला माणसाचा वास आणि गुळाचा वास एकत्र शिकवला, तर ते माणूस आला म्हणून लांब जाईल काय?

माळरान, अथणी

या चर्चेत बेळगाव म्हणजे फक्त खानापूरच धरलंय, म्हणून लिहितो. उघड्या जमिनीवर, लांबून, काहीही न फासता बघायचं असेल तर जिल्ह्याच्या पूर्वेला या. अथणी, रायबाग, गोकाककडचे माळ आणि पुढं बागलकोट जिल्ह्यातलं यडहळ्ळीचं चिंकारा अभयारण्य (2016). तिथं लांडगा आहे. भीमगडात लोक ज्याला लांडगा म्हणतात तो बहुतेक वेळा रानकुत्रा, म्हणजे कोळसुंदा असतो. तांबूस अंग, झुपकेदार काळी शेपटी, गोल कान, आणि टोळी एकमेकांना शीळ घालते. लांडगा राखट-पिवळा, पाय लांब, कान टोकदार, दुडक्या चालीनं सरळ रेघेत जाणारा.

हिवाळ्यात पहाटे साडेसहा ते नऊ, बस. दहानंतर जमिनीवरून झळ उठते आणि वीसपटीच्या वर दुर्बीण नेली की लांडगा पाण्यातल्यासारखा थरथरतो, काही कळत नाही. एका टेकाडाच्या पडछायेला बसायचं, माथ्यावर उभं राहायचं नाही, आकाशावर आकृती उठते. मेंढपाळाला आधी राम राम घालून विचारायचं. रात्री कुत्री कुठल्या अंगाला भुंकली, वाघूर (मेंढरं कोंडायचं जाळं) कुठं लावली होती, हे त्याला माहीत असतं, आणि लांडगा मेंढरांच्या मागोमागच फिरतो.

डिसेंबर-जानेवारीत मात्र बिळाकडं फिरकू नये. त्या दिवसांत पिलं होतात. माणूस किंवा गाडी जवळ आली की मादी एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडं हलवते. चार-पाच पिलं म्हणजे चार-पाच खेपा, आणि तेवढ्या वेळात उरलेली गावच्या कुत्र्यांना सापडतात. मोठं लेन्स घेऊन माळावर गाडी घालणारे फोटोवाले हेच करतात. तेवढ्यासाठी मी ठिकाणाची खूण कधी लिहीत नाही.

दुर्बीणवाला

खूण न सांगण्याबद्दल माझा विरोध आहे. बिळाची जागा नका सांगू, पण तालुका, माळ, गावाचं नाव तरी नोंदवा. गायरान कागदावर पडीक म्हणून लागलेलं असतं. उद्या तिथं सौर पॅनेल किंवा पवनचक्कीचा रस्ता आला तर 'इथं लांडगा आहे' असं दाखवायला नोंद कुठली? गुप्त ठेवलेलं रान गुपचूप जातं.

माळरान, अथणी

नोंद वनखात्याकडं लेखी द्या, तारीख आणि पाऊलखुणेच्या फोटोसह. शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, नाहीतर कुत्र्याचा पाय म्हणून बाजूला टाकतात. समाजमाध्यमावर टाकू नका. दोन्हीत फरक आहे.

मचाणकरी

गूळ नको, मनोरा चालेल असं म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशोबही करावा.

महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यांची नोंद होते. ती जमते कारण मे महिन्यात पाणी चार-दोन ठिकाणीच उरतं आणि जनावर तिथं येतंच. भीमगड हा म्हादईच्या उगमाचा भाग. इथं उन्हाळ्यातही ओढ्यांत पाणी राहतं, म्हणून पाणवठ्यावर गर्दी होत नाही. रात्रभर बसून एक साळिंदर दिसलं तरी नशीब म्हणायचं.

वाऱ्याचं गणित वेगळंच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर घाटावर पश्चिमेकडून, समुद्राकडून वारा चढतो. संध्याकाळच्या बैठकीचं मचाण पाण्याच्या पूर्वेला हवं, म्हणजे आपला वास जनावराकडं जाणार नाही. पण मग मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. म्हणून पश्चिमेला उंच झाड किंवा कडा असलेली जागाच निवडावी लागते, आणि अशा जागा मोजक्या. उत्तरेला बांधलेलं मचाण बऱ्यापैकी तडजोड देतं. बारा फुटांखाली बांधू नये, वास खालीच रेंगाळतो. पत्र्याचं छप्पर नको, ऊन उतरताना पत्रा ताडताड वाजतो. पांढरी टॉर्च नको, लाल चालते.

दुर्बीण 8x42 (आठपट, पुढचं भिंग 42 मिलिमीटर) घ्या, 10x42 चा मोह नको. 42 ला 8 नं भागलं तर सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, 10 नं भागलं तर चारच्या थोडा वर. अस्वल काळं, वेळ तिन्हीसांजेची. तिथं हा एक मिलिमीटर फार मोठा आहे. शिवाय दहापटीत हाताची थरथर जास्त आणि दाट झाडीत नजरेचा घेर कमी.

आणि भीमगडातल्या बारापेडे गुहांकडं कुणी मचाण सुचवू नये. रॉटनचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथून कळलं, 1913 साली. दिवसा टॉर्च नि आवाजानं ती वटवाघळं उठली तर पिलं खाली पडतात.

जांबोटीकर

मचाणकरींच्या लिहिण्यातून वाट निघते. पाणवठा नाही, गूळ नाही, पण फळणारं झाड आहे. उंबर, जांभूळ, बहाव्याच्या पिकलेल्या शेंगा, यांवर अस्वल स्वतःहून येतं. उंबरावर तर शेकरू आणि धनेशही. झाड दरवर्षी तेच, पंधरा-वीस दिवस. तेवढ्यापुरतं बांबूचं मचाण, मग सोडून टाकायचं. म्हणजे जनावराला कायमची चटक नाही.

दुर्बीणवाला

पटतंय. गुळाचा आग्रह मी मागे घेतो, वीस माणसांचाही. सहा माणसं, एक मचाण, फळाच्या दिवसांपुरतं. पण पैशाचा मुद्दा सोडत नाही. सहा तिकिटांत वाटाड्याची मजुरी तरी निघायला हवी.

गवाळीकडचा

मजुरी नंतर बघू. कुठला उंबर कधी पिकतोय ते गावातल्या बायकांना तोंडपाठ आहे, पण पहाटे त्याच झाडाखाली त्या जातात. मचाण लावलं की त्यांना त्या वाटेनं येऊ नका म्हणणार काय तुम्ही? आधी ते सांगा.