मदत हवी आहे : कथेची मध्यवर्ती कल्पना ओळखायला मुलांना कसे शिकवावे?

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. कथा शिकवून झाली की मुले प्रसंग क्रमाने सांगतात, पात्रांची नावे सांगतात, रिकाम्या जागाही बिनचूक भरतात. परंतु ‘या कथेची मध्यवर्ती कल्पना तुमच्या शब्दांत लिहा’ असे म्हटले की वर्गातील सगळा उत्साह मावळतो. याबाबत अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण नेमकी कळावी म्हणून एक उदाहरण देते. गाईडमध्ये तयार उत्तर सापडू नये, म्हणून मी पाठ्यपुस्तकाबाहेरची, पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची कथा घेतली. ब्राह्मणी मुंगसाच्या पिलाला स्वतःच्या मुलाबरोबर वाढवते, मात्र ते कधीतरी बाळाला इजा करील ही शंका तिच्या मनातून जात नाही. एके दिवशी बाळावर लक्ष ठेवण्यास नवऱ्याला बजावून ती पाणी आणायला जाते आणि नवराही भिक्षेसाठी घराबाहेर पडतो. तेवढ्यात साप येतो, मुंगूस त्याला ठार करते आणि रक्ताळलेल्या तोंडानेच तिला सामोरे धावते. ती हातातली घागर त्याच्यावर घालते आणि आत जाऊन पाहते, तर बाळ सुखरूप.

वर्गातून आलेली बहुतेक उत्तरे म्हणजे ‘एका गावात एक ब्राह्मण होता’ येथून सुरू झालेली अख्खी गोष्ट होती. काहींनी ‘घाई’ किंवा ‘प्रामाणिकपणा’ असा एकच शब्द लिहून वही मिटली. उरलेल्यांनी तयार वचने चिकटवली. एकाने तर घाटात रस्त्याकडेला दिसणारे ‘अति घाई संकटात नेई’ हे वाक्य जसेच्या तसे उतरवले, आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे असेही मला म्हणता येईना! तात्पर्य सांगण्याची सवय लहानपणापासून इतकी अंगवळणी पडलेली असते, की ‘घाईत निर्णय घेऊ नये’ एवढे लिहिले की आपले काम संपले असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात एका मुलीने तोंडी विचारले, ‘बाई, तिला आधीपासूनच मुंगसाचा संशय होता ना, मग ती घाई कशी?’ मला हेच हवे होते, पण तिलाही ते लेखी उत्तरात मांडता आले नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे : प्रसंगांकडून आशयाकडे मुलांना कोणत्या कृतीने न्यावे? एकाच कथेची दोन वेगळी उत्तरे आली, तर दोन गुणांच्या प्रश्नात ती कशी तपासावीत? आणि ज्यांचे वाचनच अडखळते, त्यांना या चर्चेत कसे सामावून घ्यावे?

प्रतिसाद

ताई, त्या मुलीच्या प्रश्नातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. मी आठवीच्या वर्गात मुलांकडून लगेच विधान लिहून घेत नाही. दोन-तीन विधाने मीच फळ्यावर लिहितो आणि कथेतील कोणते वाक्य त्यांच्या आड येते ते शोधायला सांगतो. आपल्या कथेपुरते बोलायचे, तर ‘साप माणसाचा शत्रू असतो’, ‘घाईने केलेल्या कृतीचा पश्चात्ताप होतो’ आणि ‘मनात संशय असला की समोरचा पुरावाही माणूस उलटा वाचतो’ ही विधाने घ्यावीत. पहिले विधान शेवटापाशी टिकत नाही, कारण साप मेल्यावरच खरी कथा घडते. दुसरे टिकते, पण ब्राह्मणीच्या शंकेचे वाक्य खोडले तरी ते तसेच राहते, म्हणजे त्या वाक्याचा हिशेब त्याने दिलेलाच नसतो. तिसरे विधान मात्र त्या वाक्यावाचून उभेच राहत नाही. वाक्य खोडून पाहण्याची ही कसोटी मुलांना फार आवडते, आणि सारांश लिहिणाऱ्यांना कथेतील सगळीच वाक्ये सारख्या वजनाची नसतात हे आपोआप कळते. एका शब्दात उत्तर देणाऱ्याला मी ‘घाईबद्दल कथा काय म्हणते?’ एवढेच विचारतो. त्याला क्रियापद जोडावेच लागते.

तपासताना एक गुण विधानाला आणि एक गुण कथेतील आधाराला द्यावा. मग घाटातल्या पाटीवरचे वाक्य लिहिणाऱ्यालाही आधार द्यावा लागेल, आणि घागर टाकण्याचा प्रसंग त्याने दाखवला तर त्याचे पूर्ण गुण रोखण्याचे कारण नाही. नवऱ्याने बाळाला सोडून जाण्यावर बोट ठेवणारे उत्तरही साधार असेल तर ग्राह्य धरावे. पंचतंत्रात ब्राह्मणी शेवटी नवऱ्याच्या लोभालाच दोष देते.

अडखळत वाचणाऱ्यांसाठी कथा मोठ्याने वाचून दाखवावी आणि घागर पडण्याच्या आधी थांबून ‘आता तिच्या मनात काय चालले असेल?’ असे विचारावे. अशा वेळी वाचनात मागे असलेली मुलेच पुष्कळदा आधी बोलतात. त्यांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून मग त्याला वरची कसोटी लावावी.

धागाकर्तीचे उत्तर

सर, मनःपूर्वक आभार. पुढच्या तासाला विधाने फळ्यावर लिहून हीच कथा पुन्हा घेते. एक शंका मात्र उरते : आडवे येणारे वाक्य शोधण्याची सवय लागल्यावर, विधाने आयती न देता ती मुलांकडूनच काढून घेण्याचा टप्पा आपण साधारण केव्हा आणता?