उदयशंकरांचा 'कल्पना' : चित्रपट की चित्रित केलेला नाच?

तिसरी घंटा : "नर्तक उदयशंकरांचा 'कल्पना' (1948) म्हणजे रंगमंचासमोर कॅमेरा ठेवून टिपलेला नाचांचा कार्यक्रम" हे या चर्चामंचावरील विधान वाचून राहवले नाही. लेखक निर्मात्याला कथा ऐकवतो आणि निर्माता गल्ल्याचा विचार करतो, या चौकटीतून निघणारी स्वप्ने, एकमेकांत विरघळणारी दृश्ये आणि यंत्राच्या तालावर हलणारे कामगार यांपैकी काय रंगमंचावर जसेच्या तसे दाखवता येईल, हे विधानकर्त्याने सांगावे.

पिटातला : विधानकर्ता मीच. 'कल्पना'तल्यासारखे सावल्यांचे प्रयोग उदयशंकरांनी अल्मोड्याच्या आपल्या नृत्यकेंद्रात चित्रपटाआधीच केले होते, त्यामुळे ते श्रेय कॅमेऱ्याला देऊ नये. 'कल्पना' ज्या जेमिनी स्टुडिओत चित्रित झाला, त्याच स्टुडिओच्या वासन यांचा 'चंद्रलेखा' हा चित्रपट त्याच वर्षी आला. त्यातील नगाऱ्यांवरचा नाच लोकांनी डोक्यावर घेतला आणि 'कल्पना' मात्र आपटला.

खर्जातला : आपण दोघे खुशाल भांडा, पण 'कल्पना'चे संगीतकार विष्णुदास शिराली यांचे नाव कोणीच का घेत नाही? पलुसकरांच्या तालमीत तयार झालेल्या या माणसाने उदयशंकरांच्या नृत्यांना वाद्यवृंद दिला. आमच्या संगीतवर्गात मात्र ते सारे श्रेय बिनदिक्कत रविशंकरांना दिले जात असे आणि मी हरकत घेतली, तेव्हा गुरुजींनी मला गप्प बसवले.

पिटातला : आपल्या गुरुजींचा राग येथे अप्रस्तुत आहे.

खर्जातला : अप्रस्तुत? यंत्रनृत्यातले ठोके काढून टाका आणि मग उरलेली हालचाल पाहून दाखवा! ज्यांना नृत्यपटात संगीत अप्रस्तुत वाटते, त्यांनी चित्रपट म्हणजे काय हे इतरांना शिकवू नये. मराठी समीक्षकांनीही शिरालींना तळटीपेपुरतेच ठेवले, हे दुखणे जुने आहे.

नूपुर : मी भरतनाट्यम शिकवते. हल्लीच्या चित्रपटांत पदन्यास सुरू झाला की कॅमेरा चेहऱ्यावर जातो, म्हणून विद्यार्थिनींना मी 'कल्पना'च दाखवते. शिवाय याच परंपरेतून आलेले गुरुदत्त पुढे पुण्यात प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शक झाले, हे विसरू नये.

पिटातला : गुरुदत्त अल्मोड्याच्या केंद्रात शिकले, ते केंद्र 'कल्पना' पडद्यावर येण्यापूर्वीच बंद पडले होते. तेव्हा ते श्रेय या चित्रपटाचे नव्हे. यंत्रनृत्याला मात्र मी चित्रपट म्हणायला तयार आहे. बाकीच्या लांबणीसाठी आपण सर्व रसिकांनी उशी घेऊन बसावे.

तिसरी घंटा : चला, एका नृत्यापुरते तरी आपण चित्रपटगृहात आलात. जीर्णोद्धारित प्रत 2012 साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली, तेथे उशा वाटल्याचे ऐकिवात नाही.

खर्जातला : आणि शिराली?