तीन आरोग्य वेब अ‍ॅप्ससाठी सामाईक डिझाइन सिस्टिम: सुरुवात कोणत्या घटकापासून करावी?

प्रश्न (ऐरोली)
नमस्कार. आमच्याकडे गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण आणि क्षयरुग्णांचा पाठपुरावा अशी तीन वेब अ‍ॅप्स आहेत. ती वेगवेगळ्या गटांनी बांधल्यामुळे एकात लाल रंगाचा अर्थ ‘डोस चुकला’ असा, तर दुसऱ्यात ‘ही माहिती सक्तीची आहे’ असा होतो. तुर्भ्यातील एका आशाताईंसोबत बसलो असता ‘जतन करा’ हे बटण त्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये नव्याने शोधताना दिसल्या. म्हणून तिन्हींसाठी एकच डिझाइन सिस्टिम, म्हणजे रंग, बटणे, रकाने यांचा ठरलेला सामाईक संच, बनवायची आहे. आम्ही रंग आणि बटणांपासून सुरुवात करणार आहोत. ते योग्य ठरेल का?

उत्तर १ (वागळे इस्टेट)
रंगांना ‘लाल’, ‘हिरवा’ अशी नावे न देता ‘मुदत टळली’, ‘पूर्ण झाले’ अशी अर्थावरून नावे द्यावीत, म्हणजे छटा बदलली तरी कोडला हात लावावा लागत नाही. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरकाचे गुणोत्तर) हवा, आणि अर्थ केवळ रंगावर सोडू नये. सोबत शब्द असावा.

उत्तर २ (बेलापूर)
माझ्या मते बटणे थांबू शकतात, तारखेचा रकाना थांबू शकत नाही. प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरून काढतात. आमच्या एका जुन्या अ‍ॅपमध्ये महिना आधी येत असे, त्यामुळे ५ जूनची ६ मे झाली आणि पुढच्या सगळ्या तपासण्या महिनाभर अलीकडे सरकल्या. (चूक आमचीच होती, पण बोलणी आशाताईंनी खाल्ली.) शिवाय बाई तारीख सांगत नाही, ‘गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे सांगते; कॅलेंडर मागे मागे सरकवण्यापेक्षा दिवस आणि वर्षाचे सुटे रकाने व महिना अक्षरी, हे आम्हाला सोयीचे पडले.

आणखी एक: इंग्रजीसाठी ठरवलेली ओळींची उंची देवनागरीला पुरत नाही. ‘सर्वांची’मधला रफार आणि अनुस्वार वर कापले जातात, ‘सुरू’मधल्या ‘सु’चा उकार खाली.

प्रश्नकर्ता
महिन्याचा क्रम तपासला. लसीकरणात दिवस आधी आहे, माता नोंदणीत महिना. तारखेचा रकाना आधी घेतो.