टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) ऐच्छिक करावा का?

रंकाळ्याकाठी: 'टीओसी ऐच्छिक करा,' असं कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांकडून सारखं ऐकतोय. माझा ठाम विरोध आहे. कॉम्प्युटरला काय कधीच जमणार नाही, हे शिकवणारा हाच तर विषय. प्रोग्राम थांबेल की फिरतच राहील, हे दरवेळी बिनचूक सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगनं 1936 सालीच सिद्ध केलं. समजा, तसा लिहिला. आता त्याला हाताशी धरून दुसरा लिहा: 'थांबणार' उत्तर आलं की हा फिरत राहतो, 'फिरणार' आलं की थांबतो. त्याला त्याचाच कोड द्या. कुठलंही उत्तर खोटंच ठरतं! इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनायच्या आधी त्याची हद्द कळली होती राव.

पुणे-अपडाऊन: नाही पटलं. इंटरव्ह्यूत डेटाबेस विचारतात, एपीआय विचारतात. पंपिंग लेमा (टीओसीतलं एक प्रमेय) पोरं मार्कांपुरता पाठ करतात. शिवाय खऱ्या मशीनची मेमरी मर्यादित, म्हणजे मेमरीच्या अवस्थाही मोजक्या. मग थांबणं तत्त्वतः तपासता येतंच की.

रंकाळ्याकाठी: एक किलोबाइट मेमरी घ्या. 8192 बिट, म्हणजे अवस्था 2 चा 8192 वा घात. हा आकडा 2467 अंकी होतो. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या ऐंशीएक अंकांत मावते. मग इतक्या अवस्था तपासणार कधी?

उद्यमनगर_लेझर: आमचं शीट कटिंगचं काम. एका शीटवर वेगवेगळे पार्ट बसवून स्क्रॅप कमीत कमी काढायचं, हे नेस्टिंग सॉफ्टवेअर करतं. एक विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, 'कुठलाही जॉब द्या, सर्वांत उत्तम मांडणी झटक्यात.' हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे सर्वांत उत्तम उत्तर दरवेळी झटपट काढायची रीत कुणालाच माहीत नाही, हे ठाऊक होतं, म्हणून आमचीच ड्रॉइंग्ज पुढं ठेवली आणि म्हटलं, किती वेळात किती टक्के शीट वापरता ते दाखवा. हे मला टीओसीनं दिलं.

पुणे-अपडाऊन: एनपी तर अल्गोरिदम विषयाच्या पेपरातही येतं, भावा. आणि स्टीफन कुकनं 1971 साली सॅट (तार्किक सूत्र खरं करता येतं का, हा प्रश्न) एनपी-पूर्ण, म्हणजे एनपीतला सर्वांत अवघड, ठरवला म्हणून चिप तपासणारे थांबले नाहीत. त्यांचे सॅट सॉल्व्हर आज लाखो चलं असलेले प्रश्न सोडवतात. पोरांना 'जमणार नाही' ऐकवण्यापेक्षा हे सॉल्व्हर वापरायला शिकवा.

शिकवणारी_ताई: पाठांतराचं दुखणं खरं आहे, ते आम्हा शिक्षकांनीच सुधारायचं. पण रेजेक्सकडे, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्राकडे, बघा. 2 जुलै 2019 ला एका रेजेक्सच्या बॅकट्रॅकिंगनं (मागं येऊन शक्यता पुन्हा पुन्हा तपासण्यानं) क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचे सर्व्हर जाम झाले आणि जगभरच्या साइट बंद पडल्या. तोच शोध फायनाइट ऑटोमॅटननं (मोजक्या अवस्थांच्या यंत्रानं) केला असता, तर वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढला असता. हे टीओसीच्या पहिल्या युनिटमध्येच येतं.

पुणे-अपडाऊन: ताई, रेजेक्सचं मान्य. ती युनिट सक्तीची ठेवा, अनिर्णेयता (यंत्राला न सुटणारे प्रश्न) मात्र ऐच्छिक करा.

रंकाळ्याकाठी: नेमकी तीच सोडू नका. प्रोग्रामच्या वागण्याबद्दलचा कुठलाही बिनक्षुल्लक (सगळ्या प्रोग्रामांना एकच उत्तर नसलेला) प्रश्न सर्व प्रोग्रामांसाठी यंत्राला सोडवता येत नाही, हे गणितज्ञ राईसचं 1953 चं प्रमेय. आता पोरं एआयकडून कोड लिहून घेतात आणि तो बरोबर आहे का, हेही एआयलाच विचारतात. त्यांना हे युनिट सर्वांत आधी शिकवायला हवं.